सव्वा रुपया आणि एक पैसा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत अलीकडे दरवर्षी एक पान विशेष कौतुकाचे असते. परदेशी शिक्षणासाठी गेलेल्या ज्ञातीतील मुलामुलींची छायाचित्रे त्या पानावर असतात. कोणी जर्मनीत यंत्रशास्त्र शिकत आहे, कोणी अमेरिकेत संगणकशास्त्र, कोणी आणखी कोठे वैद्यक. ते पाहून घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींना धन्यता वाटते आणि ती वाटणे योग्यच आहे. परंतु त्याबरोबर एक कुरकुरही ऐकू येते. ज्ञातीच्या निधीतून साहाय्य घेऊन गेलेला मुलगा तिकडेच राहिला, तर त्या पैशाचे काय? त्याच्याकडून करारपत्र लिहून घ्यावे की काय? कोणी तर म्हणतात, असे साहाय्य देऊच नये.

हा प्रश्न आपणांस नवा वाटतो, पण तो नवा नाही. परदेशी विद्या, तिच्यासाठी लागणारा पैसा, परत आलेल्या विद्वानाचे ऋण आणि त्याच्याविषयीचे समाजाचे कर्तव्य, या साऱ्यांचा इतिहास आपल्या मावळाच्या मातीशी निगडित आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत त्याला जागा मिळाली नाही. आम्ही आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला; तेव्हा राहून गेलेला हा धडा येथे यथामति मांडीत आहोत.

घाटावरच्या माणसाला परदेशी जावयाचे म्हणजे आधी मुंबई बंदर गाठणे आले आणि मुंबईच्या वाटेवर बोरघाट आडवा. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत लोहमार्ग १८५८ साली झाला, पण घाट उतरून जाणारा मार्ग खुला होण्यास १८६३ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत उतारू खंडाळ्यास गाडीतून उतरत आणि पालखी, मेणा, तट्टू, नाही तर आपले दोन पाय, या साधनांनी खोपोली गाठून पुन्हा गाडीत बसत. घाटातील बोगदे खोदताना आणि पूल बांधताना हजारो मजूर खपले. त्यांतील अनेकांना पटकीने व अपघाताने मृत्यू आला. त्यांच्या श्रमाने पुणे आणि समुद्र यांच्यातील अंतर काही तासांवर आले.

डोंगर फुटला, पण रूढीचा डोंगर तसाच उभा होता. समुद्रपर्यटन हे पातक, असे मानणारा समाज बंदरापर्यंत आगगाडीने जाई आणि तेथून पुढे जाणाऱ्याला वाळीत टाकी. या बाबतीत सर्वांस माहीत असलेले उदाहरण महात्मा गांधींचे. १८८८ साली बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी ते विलायतेस निघाले, तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. मुंबईत त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली. ज्ञातीच्या शेटजींनी त्यांना जाऊ नये असे बजाविले आणि त्यांनी ते मानले नाही म्हणून त्यांना ज्ञातिबहिष्कृत ठरविले. एवढ्यावर न थांबता, जो कोणी या मुलाला साहाय्य करील किंवा निरोप देण्यास बंदरावर जाईल, त्याला सव्वा रुपया दंड, असाही ठराव झाला. १८९१ साली ते परत आले, तेव्हा थोरल्या बंधूंनी त्यांना नाशिकास नेऊन स्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. तरी ज्ञातीचा एक तट त्यांना दूरच ठेवीत राहिला.

हे उदाहरण दुसऱ्या ज्ञातीचे म्हणून आपण सुटलो, असे कोणी मानू नये. त्या काळी बहुतेक साऱ्या ज्ञातींची धारणा अशीच होती. आज ज्ञातिमंडळे परदेशी गेलेल्यांचे सत्कार करितात. त्यांनी स्मरणात ठेवावे की याच ज्ञातिसंस्थेने एके काळी निरोपाच्या हारावर दंड बसविला होता.

पुरुषांची ही कथा, मग स्त्रियांचे काय वर्णावे? आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्या वेळी त्या १८ वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी रोजी श्रीरामपूर येथे सभा घेऊन आपण का जात आहोत हे त्यांनी स्वतः लोकांस सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा निश्चय होता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. ही पदवी मिळविली. तेथील थंडी, आहाराची आबाळ आणि अभ्यासाचा ताण यांनी त्यांची प्रकृती ढासळली होती. त्या वर्षअखेर त्या क्षयाने जर्जर होऊन मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना मिळाली होती, परंतु ती त्यांना सांभाळता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांनी मिळविलेल्या विद्येचा एकाही रुग्णास येथे लाभ झाला नाही, असे हिशेबी माणूस म्हणेल. पण त्यांच्या मागून वैद्यक शिकलेल्या किती मुलींच्या मनात त्यांचे नाव होते, याची गणती त्या हिशेबात कशी मांडावयाची?

आता सव्वा रुपयाकडून एका पैशाकडे वळू. एकोणिसावे शतक संपत असता रत्नागिरी जिल्ह्यातील अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या मनात एक कल्पना आली. देशात उद्योग नाहीत, कारण भांडवल नाही, असे जो तो म्हणे. काळ्यांनी विचार केला की श्रीमंतांच्या दाराशी कशाला जावयाचे? प्रत्येक माणसाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा. त्या वेळी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, म्हणजे ६४ पैशांचा रुपया होई. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३० कोटी. प्रत्येकाने एक पैसा दिला तरी सुमारे ४७ लक्ष रुपये होतात. इतकी रक्कम अर्थातच कधी जमली नाही. परंतु लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि स्वदेशीच्या चळवळीत पैसाफंडाच्या पेट्या घेऊन स्वयंसेवक फिरू लागले. त्या पेटीला जात विचारावयाची नव्हती. तिला फक्त पैसा हवा होता. बंदरावर निरोप देणाऱ्यास ठरविलेला सव्वा रुपया दंड म्हणजे बरोबर ८० पैसे. एका माणसाला भीती घालण्यासाठी ज्ञातीने जी रक्कम ठरविली, तेवढ्यात पैसाफंडाचे ८० वर्गणीदार झाले असते.

जमलेल्या पैशाचे काय करावे, यावर विचार होऊन काचेचा कारखाना काढण्याचे ठरले. १९०८ साली आपल्या मावळात, तळेगाव दाभाडे येथे, पैसाफंड काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन पुढे त्यांची रवानगी मंडालेस झाली. चळवळीचा धनी तुरुंगात गेला, पण तळेगावची भट्टी विझली नाही.

काचच का निवडली, असा प्रश्न पडेल. त्या काळी घरोघर रॉकेलचे दिवे होते आणि दिव्याची चिमणी ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम अशा देशांतून येई. बांगड्या, बाटल्या, आरसे हेही बाहेरचे. बांगडीची काच आपले कारागीर पूर्वापार करीत आले होते, पण नव्या पद्धतीची स्वच्छ काच करण्याचे जे कारखाने या देशात त्याआधी निघाले, ते बहुतेक बंद पडले होते. काच करणे दिसते तितके सोपे नाही. वाळू, सोडा आणि चुना ही तिची मुख्य द्रव्ये. सोड्यामुळे वाळू कमी उष्णतेवर वितळते आणि चुन्यामुळे काच पाण्याने झिजत नाही. पण वाळूत लोहाचा अंश असला की काचेवर हिरवट झाक येते. भट्टीतली मूस योग्य मातीची नसली तर ती तडकते आणि आतला रस वाहून जातो. नळीच्या टोकाशी रस घेऊन फुंकर घालणाऱ्याचा श्वास कमीजास्त झाला की चिमणी वेडीवाकडी होते. तयार झालेली वस्तू घाईने थंड केली तर आपोआप फुटते. यांतले काही पुस्तकात मिळते. बरेचसे भट्टीपाशी उभे राहूनच कळते.

म्हणून हे शिकून आलेला माणूस हवा होता. तो मिळाला उत्तरेकडे, अलीगढच्या बाजूस. त्याचे नाव ईश्वरदास वार्ष्णेय. हे काचविद्या शिकण्यासाठी प्रथम जपानात आणि पुढे अमेरिकेत गेले होते. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत त्यांनी अध्ययन केले. पुणेकरांना त्या संस्थेचे नाव अपरिचित नव्हते; आपल्या पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ सालीच तेथे शिकावयास गेले होते. १९०५ साली जपानने रशियावर विजय मिळविल्यावर तर हिंदी तरुणांची दृष्टी जपानकडे विशेष वळली. १९०४ साली कलकत्त्यास स्थापन झालेली एक संस्था विद्यार्थी निवडून त्यांना शास्त्रे व उद्योग शिकण्यासाठी जपान, अमेरिका, युरोप येथे पाठवू लागली होती. समुद्रपर्यटनाची भीती अशा रीतीने कमी होत चालली.

जपानचा धडा येथे मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. जपानलाही नवी काच मुळात येत नव्हती. १८७० नंतरच्या दशकात त्यांनी तोकियोजवळ शिनागावा येथे कारखाना घातला आणि इंग्लंडातून कारागीर बोलावून आपली माणसे त्यांच्या हाताखाली दिली. माणसे तयार झाल्यावर परक्या कारागिरांची गरज उरली नाही. ज्यांना दुसऱ्यांनी शिकविले, ते तीस वर्षांत आपणच दुसऱ्यांचे शिक्षक झाले, आणि ईश्वरदासांसारखा हिंदी विद्यार्थी त्यांच्याकडे शिकावयास गेला.

तोच क्रम तळेगावी चालला. पैसाफंडाचा कारखाना केवळ माल काढून नफा मिळविण्यासाठी नव्हता. तो कारखानाही होता आणि शाळाही. ईश्वरदासांच्या हाताखाली तेथे उमेदवार शिकू लागले. शिकलेले उमेदवार इतर ठिकाणी जाऊन कारखाने उभारू लागले किंवा तेथे काम करू लागले. त्यांतले महाराष्ट्रास ठाऊक असलेले नाव म्हणजे ओगले बंधूंपैकी श्रीपादराव ओगले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद झाला. अशा वेळी १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना सुरू केला. पुढे त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने खेड्यापाड्यांतली अंधारी रात्र उजळली आणि त्या वसाहतीला ओगलेवाडी हे नाव पडले. वीज घरोघर आली तसे त्या कंदिलाचे दिवस सरले. परंतु किती तरी मुलांनी त्याच्या उजेडात पाढे पाठ केले. ईश्वरदास स्वतः पुढे उत्तरेत गेले आणि बहजोई येथे त्यांनी मोठा काच कारखाना चालविला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ईश्वरदास आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या प्रांताचे नव्हते, आपली भाषाही त्यांची मातृभाषा नव्हती. तरी मराठी माणसांनी दिलेल्या एकेका पैशाच्या भट्टीपाशी उभे राहून त्यांनी मराठी मुलांना विद्या दिली. ते कायमचे तळेगावी राहिले नाहीत, म्हणून त्यांनी ऋण बुडविले असे म्हणता येईल काय? त्यांनी घडविलेली माणसे मागे राहिली. ऋण त्या रूपाने फिटले. परदेशी विद्येचे मोल शिकलेला मनुष्य कोठे बसला आहे यावर ठरत नाही. त्याने आपल्यामागे किती जणांना तयार केले, यावर ठरते.

येथवर विद्यार्थ्याचे ऋण झाले. आता समाजाचे ऋण पाहू. याच तळेगाव दाभाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे घर होते आणि ते आज स्मारक म्हणून जतन केले आहे. जवळच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. मावळच्या माणसाला ही स्थळे परिचित आहेत. परंतु परदेशी शिकणारा विद्यार्थी म्हणून बाबासाहेबांचा वृत्तांत आपल्यापैकी फार थोड्यांनी लक्षपूर्वक वाचला असेल.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार लिहून घेतला. १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. तुटपुंज्या पैशातून घरी पैसे पाठवावयाचे, एक वेळच्या जेवणात दिवस काढावयाचा आणि उरलेल्या पैशांत जुनी पुस्तके घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास आरंभिला. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती बोट महायुद्धात शत्रूने बुडविली आणि पुस्तके समुद्रात गेली.

करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कोलंबियात जो विद्वानांबरोबर बसून वादविवाद करीत होता, त्याला बडोद्यात राहावयास खोली मिळेना. एका पारशी खानावळीत नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. दिवसभर एका बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार अशा रीतीने थोड्याच दिवसांत संपला. कागदावर तो विद्यार्थ्याकडून मोडला असे दिसेल. खरे पाहता तो समाजाने मोडला. महाराजांनी पैसा दिला, विद्यार्थ्याने विद्या आणली, परंतु गावाने खोली दिली नाही.

तरी ते थांबले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. ही पदवी त्यांना मिळाली आणि ते बॅरिस्टर होऊन परत आले. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले. ज्याला राहावयास खोली मिळाली नव्हती, त्याने हजारो मुलांसाठी वर्गखोल्या उभारल्या. संविधानाच्या कार्याविषयी तर येथे सांगावयास नको. यात कोणत्या ज्ञातीचा हिशेब मांडावयाचा? एक राजा, एक पारशी मित्र, आणखी एक राजा, असे अनेकांचे हात त्या विद्येस लागले होते आणि तिचे फळ साऱ्या देशास मिळाले.

आता आरंभीच्या कुरकुरीकडे वळू. करारपत्रे लिहून घेण्यापूर्वी मंडळाने स्वतःस विचारावे की परत येणाऱ्यास आपण काय देतो? परदेशातून आलेल्या मुलीने विवाहास थोडा विलंब केला तर तिच्या मागे आपण कुजबुजतो. मुलाने दुसऱ्या ज्ञातीतील मुलीशी विवाह केला तर त्याचे छायाचित्र स्मरणिकेतून वगळण्याची सूचना येते. सव्वा रुपयाचा दंड आज कोणी घेत नाही. पण त्याचे व्याज अजून वसूल होत आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली ही की साहाय्य देताना विद्यार्थ्याची गरज व लायकी पाहावी, त्याच्या आप्तांचे मंडळातील वजन पाहू नये. निधीची वर्गणी घराघरातून थोडी थोडी जमवावी. थोडे देणाऱ्यांची संख्या मोठी असली म्हणजे निधी कोणा एकाच्या मर्जीवर चालत नाही, हे पैसाफंडाने शिकविले आहे. दुसरी अशी की विद्यार्थ्याकडून नोकरीचा करार न घेता शिकविण्याचे वचन घ्यावे. तो जेथे असेल तेथून त्याने दरवर्षी निदान दोन मुलांना मार्ग दाखवावा. प्रवेशाची रीत, खर्च, भाषा, थंडी, एकटेपणा, स्वतःचा स्वयंपाक, या साऱ्यांविषयी मोकळेपणाने पत्र लिहावे आणि ती पत्रे या स्मरणिकेत छापावीत. मावळातील ज्या मुलाच्या घरी कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, त्याला अशा पत्राचा उपयोग दहा भाषणांहून अधिक होईल. तिसरी सूचना अशी की निधीतील काही भाग ज्ञातीबाहेरच्या एखाद्या गरीब विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा. पहिल्या वर्षी यास विरोध होईल हे आम्ही जाणून आहोत. विरोध करणाऱ्यांनी एवढेच आठवावे की तळेगावच्या भट्टीने उमेदवाराचा श्वास पाहिला, गोत्र पाहिले नाही.

काच तयार करताना शेवटची क्रिया सर्वांत धीराची असते. तापलेली वस्तू एका बंद भट्टीत हळूहळू थंड होऊ द्यावी लागते. नाही तर सुंदर झालेली चिमणीही हातात येताच फुटते. परदेशातून परतलेला आपला मुलगा किंवा मुलगीही तशीच असते. नव्या विचारांची धग त्यांच्यात असते आणि त्यांना आपल्या घराच्या उबेत थोडा अवधी हवा असतो. तो अवधी देण्याची बुद्धी व उदारता आपणां सर्वांस लाभो, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही लेखणी आवरती घेतो.